इस्पितळाच्या तळघरातली माणसे : लिऑन डेव्हिस आणि 'अकरा-नव्याण्णव'

लिऑन डेव्हिस यांचा जन्म १९०५ मध्ये रशियन साम्राज्यातल्या पिन्स्कच्या परिसरात एका ज्यू कुटुंबात झाला. तो मुलूख आज बेलारूसमध्ये आहे. १९२१ मध्ये ते अमेरिकेत आले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण सुरू केले, पण ते अर्धवट सोडून हार्लेममधल्या एका औषधांच्या दुकानात नोकरी धरली. त्या काळचे अमेरिकन औषधांचे दुकान म्हणजे नुसते औषधांचे दुकान नव्हे. एका बाजूला डॉक्टरांच्या चिठ्ठ्या पाहून पुड्या बांधणारा फार्मासिस्ट, दुसऱ्या बाजूला साबण, सिगारेट आणि सौंदर्यप्रसाधने विकणारा कारकून, मध्ये सोडा आणि आइस्क्रीम देणारा नोकर, आणि झाडलोट करणारा, खोकी उचलणारा हमाल. दुकान सकाळी उघडे ते रात्री उशिरापर्यंत. फार्मासिस्टच्या अंगावर पांढरा कोट असला तरी कामाचे तास हमालाइतकेच असत, आणि १९२९ नंतरच्या मंदीत दोघांचीही नोकरी सारखीच बेभरवशाची झाली.

या दुकानांतल्या नोकरांची संघटना १९३२ मध्ये उभी राहिली. तिच्या संस्थापकांत डेव्हिस होते आणि पुढची पन्नास वर्षे ते तिचेच होऊन राहिले. अमेरिकेत स्थानिक संघटनांना मातृसंस्थेकडून क्रमांक मिळतो; हिच्या वाट्याला ११९९ आला. पुढे संघटना कितीही बदलली तरी कामगारांच्या तोंडी हा आकडाच राहिला, तोही जोडीने म्हटलेला : अकरा-नव्याण्णव.

सुरुवातीपासून या संघटनेचे एक वैशिष्ट्य होते. अमेरिकेतल्या बऱ्याच जुन्या संघटना कसबी कारागिरांपुरत्या असत. प्लंबरची वेगळी, सुताराची वेगळी, आणि बिनकसबी मजूर वाऱ्यावर. डेव्हिस आणि त्यांचे डावे सहकारी मात्र दुकानातल्या सगळ्यांना, फार्मासिस्टपासून हमालापर्यंत, एकाच पावतीपुस्तकात आणत होते. हार्लेम ही कृष्णवर्णीयांची वस्ती, पण तिथल्या औषधांच्या दुकानांत कृष्णवर्णीय माणूस दिसे तो बहुधा झाडू हातात घेतलेला. १९३६-३७ मध्ये संघटनेने वस्तीतल्या लोकांना बरोबर घेऊन मोहीम उघडली : कृष्णवर्णीय फार्मासिस्टना नोकऱ्या द्या आणि हमालांना बढती द्या. गोऱ्या ज्यू फार्मासिस्टांचा भरणा असलेल्या संघटनेने आपल्याच सभासदांच्या मक्तेदारीला धक्का देणारी मागणी करणे हे त्या काळात सोपे नव्हते. वीस वर्षांनी इस्पितळांच्या दारात उभे राहिल्यावर या हार्लेमच्या पुण्याईचा उपयोग झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर कम्युनिस्टांविरुद्धच्या मोहिमेत अमेरिकेतल्या अनेक डाव्या संघटना मोडून पडल्या. १९४८ मध्ये डेव्हिस यांनाही काँग्रेसच्या उपसमितीपुढे बोलावणे आले. तुम्ही कम्युनिस्ट आहात का, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी दिले नाही. संघटना वाचली, पण पन्नासच्या दशकात तिची वाढ थांबलीच होती. सहा हजारांच्या आसपास सभासद, त्यांत बहुसंख्य ज्यू पुरुष, बऱ्यापैकी पगार, पन्नाशीकडे झुकलेले पुढारी. अशा वेळी बहुतेक पुढारी जे करतात, म्हणजे निवृत्तिवेतनाचा निधी सांभाळत दिवस काढतात, ते डेव्हिस यांनाही करता आले असते.

१९५७ मध्ये इलियट गोडॉफ त्यांच्याकडे आले. गोडॉफही रशियात जन्मलेले, फार्मासिस्ट आणि डावे. इस्पितळांतल्या कामगारांना संघटित करण्याचा ध्यास त्यांना तीसच्या दशकापासून होता. त्यासाठी त्यांनी एकामागून एक संघटना बदलल्या. कुठली राजकीय कारणाने मोडली, कुठल्या संघटनेने त्यांच्या जुन्या डाव्या संबंधांमुळे त्यांनाच काढले. डेव्हिस यांनी त्यांना ठेवून घेतले आणि जोडीला टेडी मिचेल यांना दिले. मिचेल कृष्णवर्णीय होते, औषधांच्या दुकानातले हमाल होते आणि हमालीतूनच संघटक झाले होते. इस्पितळाच्या स्वयंपाकघरातली बाई गोडॉफ यांच्याशी बोलायला कचरे, पण मिचेल यांच्याशी ती बोले.

न्यूयॉर्कची मोठी इस्पितळे तेव्हा बव्हंशी सरकारी नव्हती किंवा नफ्यासाठी चालणारीही नव्हती; आजही नाहीत. आपण ज्यांना धर्मादाय रुग्णालये म्हणतो तसा हा प्रकार. ज्यू, प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक समाजांतल्या दानशूरांनी ती उभारली होती. विश्वस्त मंडळावर बँकवाले, व्यापारी आणि वकील असत. गरीब रुग्णांवर तिथे उपचार होत, त्यांच्यासाठी महापालिका थोडे पैसे देई, पण ते खर्चाला पुरत नसत. तूट वर्षानुवर्षे येई. ती देणग्यांतून भरून निघते असे विश्वस्त सांगत, आणि तसे मानतही असत.

तुटीचा एक भाग भरून निघत होता तो दुसऱ्याच ठिकाणाहून. इस्पितळ म्हटले की डॉक्टर आणि परिचारिका डोळ्यांपुढे येतात. पण ते चालते ते तळघरातल्या धुलाईखान्यावर, स्वयंपाकघरावर, लिफ्टवाल्यावर, फरशी पुसणाऱ्यावर, रुग्णाला कुशीवर वळवणाऱ्या आणि त्याचे भांडे काढणाऱ्या मदतनिसावर. आपल्या इस्पितळांत ज्यांना 'मावशी' आणि 'मामा' अशी हाक मारली जाते, ती ही माणसे. न्यूयॉर्कमध्ये १९५८ च्या सुमारास ती बहुतेक कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकोची होती आणि त्यांत स्त्रिया अधिक. आठवड्याला ४४ ते ४८ तास काम आणि पगार अनेकदा ४० डॉलरच्याही आत. पूर्णवेळ नोकरी असूनही कित्येकांच्या घरी महापालिकेची गरिबांसाठीची मदत चालू असे. म्हणजे श्रीमंतांच्या नावाने चाललेल्या दानधर्माची खरी वर्गणी तळघरातली बाई भरत होती, आणि तिला पावतीही मिळत नव्हती. डेव्हिस यांच्या पुढच्या पंचवीस वर्षांच्या कामाचा गाभा हाच : ही वर्गणी तिच्याकडून काढून ज्याने भरायला हवी त्याच्या, म्हणजे समाजाच्या, खात्यावर लावणे.

कायदा या माणसांच्या बाजूने नव्हता. कारखान्यातल्या कामगारांना संघटना करण्याचा आणि मालकाला वाटाघाटीला बसवण्याचा हक्क १९३५ च्या कायद्याने मिळाला होता. पण १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने बिगर-नफा इस्पितळांना त्यातून स्पष्ट शब्दांत वगळले. न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यातही धर्मादाय संस्थांना सूट होती. १९३८ च्या किमान वेतन कायद्याचे संरक्षण इस्पितळांना लागू व्हायला १९६६ ची दुरुस्ती यावी लागली. कामगारांनी एकमुखाने संघटना मागितली, तरी इस्पितळाने नुसते दार लावून घेतले की प्रकरण संपले.

गोडॉफ आणि मिचेल यांनी पहिले इस्पितळ निवडले ते ब्राँक्समधले माँटेफिओरे. निवड विचारपूर्वक होती. तिथले संचालक डॉ. मार्टिन चेर्कास्की हे उदारमतवादी होते, आणि संघटनेशी बोलणे म्हणजे धर्मभ्रष्ट होणे असे ते मानत नव्हते. १९५८ भर काम चालले. पाळी सुटण्या-लागण्याच्या वेळी, सकाळी सहा-साडेसहाला, फाटकाशी पत्रके वाटणारे लोक उभे राहत. ते कोण, तर ११९९ चे जुने सभासद, म्हणजे पन्नाशीतले फार्मासिस्ट. पत्रके वाटून झाली की ते मेट्रो पकडून आपापले दुकान उघडायला जात. या पहाटेच्या तुकड्यांमागे डेव्हिस यांचा आग्रह होता. फार्मासिस्ट सभासदांनी आपल्या वर्गणीतला पैसा आणि आपली झोप परक्या, आपल्याहून गरीब आणि वेगळ्या वर्णाच्या माणसांसाठी खर्च करावी हे त्यांनी संघटनेच्या सभेत पटवून दिले होते. अमेरिकन कामगार चळवळीत असे फार वेळा झालेले नाही.

दबाव वाढत गेला आणि वर्षअखेर इस्पितळाने निवडणुकीला मान्यता दिली. ३० डिसेंबर १९५८ ला मतदान झाले : संघटनेच्या बाजूने ६२८, विरुद्ध ३१. हा आकडा शहरभर पसरला. पुढच्या काही आठवड्यांत दुसऱ्या इस्पितळांतले कामगार आपण होऊन संघटनेच्या कचेरीत येऊ लागले. सभासदत्वाची कार्डे भरून घ्यायला माणसे पुरेनात.

माँटेफिओरेचे दार उघडले तसे बाकीच्यांचे उघडेल हा अंदाज मात्र साफ चुकला. इतर इस्पितळांचे विश्वस्त एकत्र आले आणि संघटनेला मान्यता द्यायची नाही असे ठरले. कारण सांगितले ते असे की इस्पितळात संप म्हणजे रुग्णांच्या जिवाशी खेळ. या युक्तिवादात तथ्य नाही असे नाही. पण संप टाळण्याचा सोपा मार्ग, म्हणजे बोलणी करणे, हाही त्यांनी नाकारला होता.

८ मे १९५९ च्या सकाळी सहा इस्पितळांत संप सुरू झाला : माउंट सायनाय, बेथ इस्रायल, बेथ डेव्हिड, लेनॉक्स हिल, ब्राँक्स आणि ब्रुकलिन ज्यूइश. पुढे सातवे फ्लॉवर-फिफ्थ अॅव्हेन्यूही त्यांत आले. संपात सुमारे ३,५०० कामगार होते. न्यायालयाने मनाई हुकूम दिले, ते मोडले गेले. डेव्हिस यांच्यावर अवमानाची कारवाई झाली तेव्हा ते काही दिवस भूमिगत राहून संप चालवत होते. आत डॉक्टर आणि परिचारिका कामावर होत्या, आणि संपकऱ्यांच्या जागी स्वयंसेवक आले होते. ताटे पोहोचवायला, चादरी बदलायला सुखवस्तू घरांतल्या स्त्रिया आणि विद्यार्थी धावले. इस्पितळे चालू राहिली. गिरणी बंद पडली की मालकाचा तोटा होतो. इथे तोटाच मुळी व्यवसायाचा भाग होता. संपाचे हत्यार इथे अर्धवटच चालत होते, आणि उरलेली धार बाहेरून आणावी लागत होती.

ती आणण्याचे काम मो फोनर यांचे. १९५२ पासून ते डेव्हिस यांच्याबरोबर होते. वर्तमानपत्रांशी बोलणे, सभा, नाटके, गाण्यांचे कार्यक्रम ही त्यांची बाजू. त्यांनी वार्ताहरांपुढे तत्त्वे मांडली नाहीत, पगाराच्या पावत्या ठेवल्या. शहरातली सर्वांत नामांकित इस्पितळे आपल्या माणसांना इतके कमी देतात की त्यांना सरकारी मदतीवर जगावे लागते, हे वाचून मध्यमवर्ग चमकला. फोनर यांनी हा लढा पगाराचा न ठेवता नागरी हक्कांचा केला. हॅरी व्हॅन आर्सडेल यांच्या नेतृत्वाखालचे शहरातल्या संघटनांचे मंडळ पाठीशी उभे राहिले. हे अनपेक्षित होते, कारण व्हॅन आर्सडेल वीजकामगारांच्या कसबी आणि गोऱ्या संघटनेतले. त्यांच्या सभासदांनी संपकऱ्यांच्या रांगेत उभे राहून पहारा दिला, इतर संघटनांनी पैसे आणि शिधा पाठवला.

सेहेचाळीस दिवसांनी, २२ जून रोजी, संप मिटला. मान्यता मिळाली नाही. मिळाले ते असे : ताशी एक डॉलर किमान वेतन, आठवड्याला चाळीस तास, संपकऱ्यांना परत कामावर घेणे, आणि तक्रारी ऐकण्यासाठी एक कायम समिती. या समितीत निम्मे सदस्य इस्पितळांचे आणि निम्मे जनतेचे. संघटनेचा एकही नाही. कागदावर हा पराभवच म्हणायला हवा, आणि विश्वस्तांनी तसाच तो वाचला. डेव्हिस यांनी सभेत तो विजय म्हणून मांडला. त्यांनी सभासदांना फसवले असे म्हणता येत नाही. समितीपुढे तक्रार नेण्याकरता कामगाराला कुणाची तरी मदत लागणार आणि ती मदत संघटनाच करणार, हे त्यांनी ओळखले होते.

पुढची तीन वर्षे या चळवळीच्या इतिहासात भराभर ओलांडली जातात, पण संघटना खऱ्या अर्थाने बांधली गेली ती तेव्हा. मान्यता नाही म्हणजे पगारातून वर्गणी कापून मिळणार नाही. दर महिन्याला प्रत्येकाकडे जाऊन हातोहात पैसे घ्यायचे, पावती फाडायची. त्यासाठी प्रत्येक विभागात, स्वयंपाकघरात, धुलाईखान्यात, वॉर्डात, कामगारांतूनच निवडलेला एकेक प्रतिनिधी लागे. वर्गणीबरोबर तो तक्रारीही गोळा करी : मुकादम शिव्या देतो, सुट्टी कापली, बारा वर्षे झाली तरी 'पोरा' म्हणून हाक मारतात. हे प्रतिनिधी पुढे संघटनेचा कणा झाले. लेनॉक्स हिलच्या आहार विभागातल्या डोरिस टर्नर यांच्यासारख्या कृष्णवर्णीय स्त्रिया याच वाटेने पुढारीपणात आल्या.

१९६२ मध्ये ब्रुकलिनच्या बेथ-एल आणि मॅनहॅटनच्या डोळे-कान-घशाच्या इस्पितळात पुन्हा संप झाला. या वेळी डेव्हिस तुरुंगात गेले. एका गोऱ्या पुढाऱ्याने कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकोच्या कामगारांसाठी तुरुंगवास पत्करला ही गोष्ट हार्लेममध्ये लहान नव्हती. ए. फिलिप रँडॉल्फ यांच्यासारखे ज्येष्ठ नेते संपाच्या पाठिंब्याला उभे राहिलेच, पण गोऱ्यांविषयी चांगले बोलण्यासाठी अजिबात प्रसिद्ध नसलेले माल्कम एक्स हेही संपाच्या सभेत आले आणि त्यांनी डेव्हिस यांच्या तुरुंगात जाण्याच्या तयारीचे कौतुक केले. गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांची निवडणूक त्याच वर्षी होती. त्यांनी मध्यस्थी करून कायद्याचे आश्वासन दिले आणि संप मागे घेतला गेला. १९६३ मध्ये न्यूयॉर्क शहरातल्या धर्मादाय इस्पितळांच्या कामगारांना सामूहिक वाटाघाटीचा हक्क मिळाला, १९६५ मध्ये तो राज्यभर लागू झाला. किंमतही होती : संपाला बंदी आणि वाद मिटला नाही तर सक्तीचा लवाद.

इस्पितळ हा दानधर्म की उद्योग, हा प्रश्न नेमका याच सुमारास मुंबईतही न्यायालयात होता. जे. जे. समूहातल्या दोन महिला कर्मचाऱ्यांना १९५४ मध्ये छाटणीची भरपाई न देता कामावरून कमी केले गेले आणि हॉस्पिटल मजदूर सभेने उच्च न्यायालयात धाव घेतली. राज्य सरकारचे म्हणणे असे की इस्पितळ रुग्णसेवा आणि वैद्यकीय शिक्षण यांसाठी चालते, तो उद्योग नव्हे, म्हणून १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा त्याला लागू नाही. उच्च न्यायालयाने हे मानले नाही. जानेवारी १९६० मध्ये, महाराष्ट्र राज्य स्थापन होण्याच्या तीनएक महिने आधी, सर्वोच्च न्यायालयानेही मानले नाही. निकाल न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांचा होता : नफ्याचा हेतू नसला तरी मालक-नोकरांच्या सहकार्याने पद्धतशीर चालणारी सेवा उद्योगात मोडू शकते. न्यूयॉर्कच्या कामगारांना जे मिळवायला आणखी तीन वर्षे आणि एक तुरुंगवास लागला, ते मुंबईच्या कामगारांना एका निकालाने मिळाले. निकालाने मिळालेले निकालाने जाऊही शकते हेही मग दिसले. १९७० मध्ये सफदरजंग इस्पितळाच्या खटल्यात न्यायालयाने मत फिरवले, १९७८ मध्ये बंगलोर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात ते पुन्हा पूर्वपदावर आणले. इस्पितळांना वगळणारी १९८२ ची दुरुस्ती संमत झाली, पण तो भाग कधी अमलात आला नाही. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने 'उद्योग' या व्याख्येतून धर्मादाय कार्य करणाऱ्या संघटनांच्या संस्था पुन्हा बाहेर ठेवल्या आहेत.

न्यूयॉर्कमध्ये कायद्याइतकाच मोठा बदल घडवला तो १९६५ मध्ये आलेल्या मेडिकेअर आणि मेडिकेड या सरकारी योजनांनी. वृद्धांच्या आणि गरिबांच्या उपचाराचा खर्च आता सरकार देणार होते, आणि सुरुवातीच्या वर्षांत ते झालेल्या खर्चाच्या हिशेबाने देत होते. पगार वाढला की बिल वाढणार आणि बिल सरकारकडे जाणार. 'पैसे आणायचे कुठून' हा विश्वस्तांचा जुना प्रश्न एकदम निकालात निघाला. काल एकमेकांच्या विरुद्ध उभे असलेले इस्पितळांचे संचालक आणि संघटनेचे पुढारी आता एकाच गाडीने राज्याची राजधानी अल्बनी गाठून सरकारी दर वाढवून मागू लागले. इस्पितळांनी वाटाघाटींसाठी आपला संघही केला. १९६८ च्या उन्हाळ्यात झालेल्या कराराने आठवड्याचे किमान वेतन १०० डॉलर झाले. नऊ वर्षांपूर्वीच्या ताशी एका डॉलरने ते ४० होत होते. त्यापाठोपाठ १९६९ मध्ये प्रशिक्षण निधी आला. मालकांच्या पैशांतून फरशी पुसणारी बाई शिकून तंत्रज्ञ किंवा परिचारिका होऊ शकावी अशी ती सोय. तळघरातून वर जाणारा जिना बांधणे हे डेव्हिस यांना पगारवाढीइतकेच महत्त्वाचे वाटे, आणि संघटनेच्या साऱ्या कामगिरीत हीच बहुधा सर्वांत टिकाऊ ठरली.

मार्टिन ल्यूथर किंग यांचे या संघटनेशी साठच्या दशकात जवळचे नाते जुळले. ही आपली आवडती संघटना आहे असे ते सांगत. मार्च १९६८ मध्ये ते तिच्या सभेत बोलले आणि पुढच्याच महिन्यात मेम्फिसमध्ये, सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा द्यायला गेले असताना, त्यांची हत्या झाली. वर्षभराने दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनमध्ये इस्पितळ कामगारांचा संप झाला, तेव्हा त्यांच्या पत्नी कोरेटा स्कॉट किंग आणि मार्टिन ल्यूथर किंग यांची संघटना ११९९ च्या जोडीने उतरली.

चार्ल्स्टनची गोष्ट वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळातून बारा कामगारांना कामावरून काढण्याने सुरू झाली. मदतनीस मेरी मोल्ट्री या त्यांच्या पुढारी. पगार ताशी १.३० डॉलर. मार्च १९६९ मध्ये सुमारे चारशे कामगार बाहेर पडले. जवळजवळ सगळ्या कृष्णवर्णीय स्त्रिया. राज्य सरकारने बोलणी नाकारली, राष्ट्ररक्षक दलाचे सैनिक रस्त्यावर आणले, संचारबंदी लावली. शेकडो लोकांना अटक झाली. मातृदिनाच्या मोर्चात हजारो लोक चालले. शेवटी तोड निघाली ती वॉशिंग्टनच्या पैशातून : वर्णभेदाच्या तक्रारीवरून इस्पितळाचे सुमारे १.२ कोटी डॉलरचे केंद्रीय अनुदान अडवण्याची ताकीद दिली गेली. बारा कामगार परत आले, किमान वेतन १.६० झाले, संघटनेला मान्यता मात्र मिळाली नाही, आणि चार्ल्स्टनची शाखा पुढे टिकली नाही. चार्ल्स्टनचा लाभ दुसरीकडेच झाला. त्याच वर्षी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्ससह इतर शहरांतल्या इस्पितळांत संघटना जिंकली. चार्ल्स्टन आपल्याकडे नको या धास्तीने कित्येक व्यवस्थापने निवडणुकीला तयार झाली. मॅडलिन अँडरसन यांनी या संपावर काढलेला 'आय अॅम समबडी' हा १९७० चा माहितीपट आजही दाखवला जातो.

१९७३ मध्ये निरनिराळ्या राज्यांतल्या शाखांची मिळून राष्ट्रीय संघटना झाली. डेव्हिस तिचे अध्यक्ष, कोरेटा किंग मानद अध्यक्षा. १९७४ मध्ये काँग्रेसने १९४७ ची सूट रद्द केली. बिगर-नफा इस्पितळांचे कामगारही आता राष्ट्रीय कायद्याखाली आले. संपापूर्वी दहा दिवसांची नोटीस देण्याची अट तेवढी घातली गेली. गोडॉफ हे पाहून १९७५ मध्ये वारले.

पण पैशाचा ओघ आटू लागला होता. १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये निक्सन सरकारच्या वेतननियंत्रणाने ठरलेली वाढ अडवली म्हणून न्यूयॉर्कमध्ये सुमारे तीस हजार कामगारांनी आठवडाभर संप केला. १९७५ मध्ये न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आले, राज्याने मेडिकेडचे दर गोठवले. १९७६ चा अकरा दिवसांचा संप लवादात जाऊन संपला आणि लवादाने फारसे काही दिले नाही. दहा वर्षे ज्या युक्तीने पगार वाढले ती सरकारी तिजोरीवर उभी होती. तिजोरी मिटली की मालक आणि संघटना दोघेही तिच्यापुढे हात बांधून उभे.

डेव्हिस यांची कार्यपद्धती या यशाइतकीच पुढच्या फुटीलाही कारणीभूत झाली. साधी राहणी, साधे कपडे, पुढाऱ्यांचे पगार कामगारांच्या पगारापासून फार लांब जाऊ नयेत हा आग्रह, यांमुळे त्यांच्याविषयी आदर होता. पण निर्णय ते, गोडॉफ आणि फोनर घेत, सभासद त्याला टाळ्यांची मंजुरी देत. चाळीस वर्षे एकच अध्यक्ष असला की प्रतिनिधींची सभा हळूहळू कुटुंबाची बैठक होते. सभासद बहुतेक कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकोच्या स्त्रिया, वरचे पुढारी बहुतेक गोरे ज्यू पुरुष, ही विसंगती डेव्हिस यांना दिसत होती. म्हणूनच त्यांनी वारस म्हणून डोरिस टर्नर यांना पुढे आणले. निवड मात्र त्यांची होती, सभासदांच्या चुरशीतून झालेली नव्हती.

१९७९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. इस्पितळ कामगारांची दुसरी मोठी संघटना, सेवा कर्मचाऱ्यांची एसईआययू, हिच्यात विलीन होऊन देशभरातली एकच मोठी संघटना करावी हा त्यांचा शेवटचा बेत. टर्नर यांनी त्याला विरोध केला. नव्या संघटनेत आपले स्थान आणि न्यूयॉर्कच्या सभासदांचा आवाज हरवेल अशी त्यांची भीती होती. वाद वर्णाच्या वळणावर गेला, जुने सहकारी एकमेकांशी बोलेनासे झाले. १९८२ मध्ये डेव्हिस निवृत्त झाले तेव्हा न्यूयॉर्कच्या शाखेत सत्तर हजारांच्या आसपास सभासद होते आणि राष्ट्रीय संघटनेशी तिचे फाटले होते. राष्ट्रीय अध्यक्षपद फिलाडेल्फियाचे हेन्री निकोलस यांच्याकडे गेले. ते मूळ इस्पितळ कामगार, आणि चार्ल्स्टनच्या संपात संघटक म्हणून काम केलेले.

न्यूयॉर्कमध्ये टर्नर यांच्या नेतृत्वाखाली १९८४ मध्ये ४७ दिवसांचा मोठा संप झाला आणि तो नीट तयारीविना झाला असे सभासदांचे मत पडले. त्याच वर्षीच्या अंतर्गत निवडणुकीत मतपत्रिकांत गडबड झाल्याचे पुढे उघड झाले. १९८६ च्या फेरनिवडणुकीत टर्नर हरल्या आणि जॉर्जियाना जॉन्सन अध्यक्ष झाल्या. १९८९ मध्ये पोर्तो रिकोहून आलेले डेनिस रिव्हेरा निवडून आले. त्यांनी विस्कटलेली संघटना पुन्हा बांधली, आणि अल्बनीला जाऊन इस्पितळांच्या बरोबरीने सरकारी पैसा मिळवण्याची डेव्हिस यांची जुनी रीत आणखी मोठ्या प्रमाणावर चालवली. डेव्हिस सप्टेंबर १९९२ मध्ये वारले. त्यांनी सुचवलेले एसईआययूमधले विलीनीकरण न्यूयॉर्कच्या सभासदांनी १९९८ मध्ये स्वीकारले. ११९९ एसईआययू या नावाने ती संघटना आज न्यूयॉर्कसह पूर्व किनाऱ्यावरच्या अनेक राज्यांत आहे, तिच्या सभासदांचा आकडा चार लाखांच्या घरात आहे, आणि इस्पितळांइतकेच शुश्रूषागृहांतले आणि घरोघरी जाऊन वृद्धांची काळजी घेणारे कामगार तिच्यात आहेत.